हसऱ्या उमेदवाराची कोंडी

निवडणूक जाहीर झाली तशी टेलरमास्तरांनी मशीनला तेल घातलं. झेंडे, फलक, टोप्या, गळ्यातल्या पट्ट्या, दर निवडणुकीला दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. कुठल्या पक्षाचा रंग कुठला, याचं मास्तरांना सोयरसुतक नव्हतं. "कापडाला मत नसतं," असं ते म्हणत, आणि एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या दोन पक्षांचे झेंडे एकाच दुपारी शिवून मोकळे होत.

यंदा मात्र कोणी फिरकलं नाही. मास्तर रोज सकाळी दुकान झाडत, टेप गळ्यात अडकवत आणि रस्त्याकडे डोळे लावून बसत. मग एके दिवशी शेजारच्या रिकाम्या गाळ्यात एका उमेदवाराची कचेरी थाटली गेली आणि टेम्पोतून खोकीच्या खोकी उतरली. खोक्यांत झेंडे होते. तयार, घडी घातलेले, परदेशातून आलेले.

"काठ बघ," संध्याकाळी मास्तर एक झेंडा बायकोच्या नाकासमोर नाचवत म्हणाले. "टाका म्हणून नाही! नुसता वितळवून चिकटवलाय. हा झेंडा आहे की बिस्किटाचा कागद?"

बायकोने झेंडा हातात घेतला, उलटा केला आणि सुस्कारा सोडला. "तुमचे झेंडे गेले, आमची कुलपं चालली. बसू दोघं एकमेकांकडे बघत."

मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली मावशी म्हणायची. गल्लीच्या टोकाला कुलपांचा कारखाना होता, तिथे त्या तपासणीच्या टेबलावर बसत. तयार कुलूप समोर आलं की त्यात चावी घालायची, फिरवायची, खट् असा आवाज ऐकायचा, चावी काढायची, कुलूप पुढे सरकवायचं. आवाज जरा जरी बसका आला तरी कुलूप मागे. या कामात त्यांची उमर गेली होती आणि पितळेने बोटं कायमची काळवंडली होती. पूर्वी कारखाना दोन पाळ्यांत चाले. आता कोपऱ्यावरच्या दुकानात परदेशी कुलपं बटाट्यासारखी ढिगाने विकायला ठेवलेली असत, बटाट्याच्याच भावात. दुसरी पाळी बंद पडली होती आणि पहिलीसुद्धा एक दिवसाआड भरत होती.

त्याच आठवड्यात युनियनच्या सेक्रेटरींनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना जमवलं. सेक्रेटरी किडकिडीत होते, पण आवाज असा की त्यांना माइक दिला तर माइकच बिचकावा.

"मत एकदा पेटीत पडलं की आपण कोण आणि ते कोण!" ते गरजले. "मत हातात आहे तोवर विचारून घ्या. जो उमेदवार दारात येईल त्याला एकच प्रश्न. बाहेरून येणाऱ्या स्वस्त कुलपांवर कर बसवणार का, आणि सरकारी कचेऱ्यांना कुलपं इथलीच घ्यायला लावणार का? हो की नाही? तिसरं काहीही बोलला तर ते 'नाही' समजायचं."

"आणि चिडला तर?" पॉलिशवालीने विचारलं.

"चिडणार नाही. गोड बोलेल. गोडच जास्त वाईट. चला, तालीम करू. मी उमेदवार."

सेक्रेटरी खुर्चीवर चढले. पॉलिशवालीने घसा खाकरून प्रश्न विचारला. सेक्रेटरींनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आज माझ्या काळजालाच हात घातलात. माझे वडीलसुद्धा कामगार होते. ते घरी येत तेव्हा त्यांच्या बुटांना चिकटलेला लोखंडाचा कीस..." आणि ते जे सुरू झाले ते थांबायलाच तयार नाहीत. वडील झाले, आई झाली, कामगारांच्या घामाचा सुगंध झाला. शेवटी पॉलिशवालीने बाहीने डोळे पुसले आणि बाकीच्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"टाळ्या कसल्या वाजवता?" सेक्रेटरी खुर्चीवरून ओरडले. "मी उत्तर दिलं का?"

"नाही दिलंत," पॉलिशवाली हुंदका आवरत म्हणाली, "पण बोललात किती छान! उभेच राहा तुम्ही."

तालमीत ही गत, तर प्रयोगात काय होणार! दोन दिवसांनी कारखान्याच्या फाटकात पहिला उमेदवार आला. शेजारच्या गाळ्यात कचेरी थाटली होती तोच हा. मागच्या खेपेलाही हाच निवडून आला होता. त्याला सगळे 'हसरे' म्हणत. त्याच्या तोंडावर हसू कोणी चावी देऊन बसवल्यासारखं असे. बोलताना, ऐकताना, खोकतानाही ते हलत नसे. हसरे गाडीतून उतरले आणि माणसांच्या रांगेतून हात मिळवत निघाले. भट्टीवाल्याने प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "साहेब, टीव्हीवर तुम्ही जाड दिसता हो!" पॅकिंगवाल्याने फोटो काढून घेतला. पॉलिशवालीने "बाहेरून येणाऱ्या" इथपर्यंत मजल मारली, पण हसऱ्यांनी "बाहेरून नाही ताई, मी इथलाच," असं म्हणताच ती लाजून गप्प झाली.

मावशी मात्र तयारीत होत्या. प्रश्न जिभेवर घासूनपुसून ठेवला होता. हसऱ्यांनी त्यांचा हात हातात घेतला, काळ्या बोटांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मावशी, माझ्या आईचे हात अगदी असेच होते."

मावशींचं लोणी झालं. प्रश्न कुठच्या कुठे गेला आणि त्या म्हणून बसल्या, "किती वाळलाय हो तुम्ही! वेळेवर जेवता ना?"

"कुठलं जेवण, मावशी!" हसरे म्हणाले, आणि गाडी धूळ उडवत निघून गेली.

घरी येईपर्यंत मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला होता. चपला एकीकडे, पिशवी दुसरीकडे. "जेवता ना, म्हणाले मी! आमच्या ताटातलं पळवणाऱ्याला विचारते, जेवता ना!"

मास्तर बटण लावत होते. दोरा दाताने तोडून ते शांतपणे म्हणाले, "तू काही नवी शिकाऊ नाहीस. प्रश्न विचारण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"हेच. माळ्यावरचा पंखा कधी उतरवणार, हे तू मला गेल्या उन्हाळ्यापासून विचारतेस. मी हवेवर बोललो, गुडघ्यावर बोललो, तुझ्या भावाचं कौतुक करून पाहिलं. आता तुझ्या भावाचं कौतुक करणं म्हणजे माझ्यासाठी केवढी मजल! पण तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ते राहू द्या, पंखा कधी उतरवणार? माझी सुटका झाली का कधी?"

"नाही," मावशी म्हणाल्या.

"मग त्या हसऱ्याला उमेदवार कशाला समजतेस? नवरा समज."

त्या संध्याकाळी मावशींनी भांडी घासली ती कुठल्याशा नव्या उमेदीने, असं मास्तरांना वाटलं आणि ते जरा घाबरलेसुद्धा.

कारखान्याला सुट्टी असलेल्या एका दुपारी मावशी दुकानात मटार सोलत बसल्या होत्या. चौकात हसऱ्यांची सभा होती. लाउडस्पीकर कधीचा ओरडत होता, "थोड्याच वेळात आपले लाडके नेते आपल्यात येत आहेत!" इतक्यात शेजारच्या कचेरीतून त्यांचा चष्मेवाला मदतनीस एक पँट कवटाळून धावत आला.

"मास्तर, लवकर! साहेब गाडीतून उतरताना... मागून... पार उसवली."

मास्तरांनी पँट उलटी केली, शिवण न्याहाळली. "तयार घेतलेली दिसते. कुठून आली?"

"ते सोडा हो! साहेब मागच्या खोलीत बसलेत. तसेच!"

मास्तरांनी मशीन चालू केलं. मदतनीस परत गेला, आणि लगेच दुप्पट वेगाने पळत आला. वाऱ्याने मागच्या खोलीचं दार धाडकन लागलं होतं. दाराला नवीकोरी कुलपाची कळ होती, परवाच कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली. ती आता ना आतून फिरत होती, ना बाहेरून. चावी घातली तर चावी नुसती गरागरा फिरत होती, भिंगरीसारखी.

"मावशी, तुम्ही कुलपाच्या कारखान्यातल्या ना? चला, उघडून द्या!"

मावशींनी मटार बाजूला ठेवले आणि गेल्या. दाराशी कान लावून त्यांनी चावी फिरवली. खट् सोडाच, उंदराने कुरतडल्याइतकाही आवाज नाही. "हे काही मला उघडायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी कुलपं तपासते हो, फोडत नाही. फोडणारे वेगळे, ते माणसं घरात नसताना येतात."

"मग आता?"

"सुताराला बोलवा. पुलापलीकडे राहतो."

मदतनीस सुताराकडे पळाला. मावशी जायला वळल्या, तेवढ्यात दारावरच्या झडपेतून आवाज आला. "कोण आहे? उघडलं का?" आत पत्रकांचे गठ्ठे रचलेले होते. त्यांवर चढून हसऱ्यांनी झडपेतून डोकं बाहेर काढलं होतं. खाली मावशी, वर नुसतं मुंडकं. अशा स्थितीतही चेहऱ्यावर हसू होतंच, पण एका कोपऱ्यातून जरा सैल झालं होतं.

मावशींनी वर पाहिलं. मग तिथलं एक स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसल्या.

"सुतार येतोय. यायला वेळ लागेल. तुम्हालाही दुसरं काम नाही, मलाही नाही. कारखाना आज बंदच आहे. तर एक विचारते. बाहेरून येणाऱ्या स्वस्त कुलपांवर कर बसवणार का, आणि सरकारी कचेऱ्यांना इथली कुलपं घ्यायला लावणार का?"

"मावशी, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात तुम्ही!" मुंडकं म्हणालं. "कामगार हा देशाचा कणा..."

"कण्याचं राहू द्या. हो की नाही?"

"त्याचं असं आहे, की जगाचा व्यापार आता..."

"जगाचं राहू द्या. हो की नाही?"

"मला तुमच्या भावनांचा अतिशय..."

"भावनांचं राहू द्या."

हसऱ्यांनी मावशींच्या हातांकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. "मावशी, माझ्या आईचे हात..."

"आईंना माझा नमस्कार सांगा. हो की नाही?"

एव्हाना कचेरीच्या दारात माणसं जमू लागली होती. चौकातली सभा कंटाळून इकडे वळली होती. पॉलिशवाली आली, भट्टीवाला आला, सेक्रेटरी तर गर्दी कापत थेट स्टुलाशी येऊन उभे राहिले. लाउडस्पीकर रिकाम्या चौकाला सांगतच होता, की लाडके नेते थोड्याच वेळात येत आहेत.

"मावशी, तुम्ही मला मुद्दाम कोंडलंय का?" हसऱ्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"मी कशाला कोंडू? तुम्हीच आणलेल्या कुलपाने कोंडलंय तुम्हाला. आमच्याकडचं असतं तर मी मागेच पाठवलं असतं, ते दारापर्यंत आलंच नसतं."

लोक खदखदा हसले. तेवढ्यात मास्तर शिवलेली पँट हातावर टाकून आले. ती पाहताच हसऱ्यांनी झडपेतून हात बाहेर काढला. "द्या, द्या!"

मास्तरांनी पँट दिली नाही. ते म्हणाले, "साहेब, देतो. पण आत अंगावर काय गुंडाळलंय तेवढं सांगा."

मुंडकं लाल झालं. "झेंडा."

"काठ टोचत असेल. वितळवून चिकटवलेला असतो ना. असले झेंडे इथे आम्ही शिवायचो, दर निवडणुकीला. यंदा मशीन बंद आहे माझं. हिचा प्रश्न आहे त्यात झेंड्यांचंही धरा."

"अहो, दोन्ही प्रश्न एकदम विचारू नका," मावशी म्हणाल्या, "माणूस गोंधळतो. साहेब, हो की नाही?"

हसऱ्यांनी वळून आत पाहिलं. आत पळायला जागा नव्हती. समोर मतदार होते, हातभर अंतरावर पँट होती आणि स्टुलावर ही बाई बसली होती, जिला घाई म्हणून नव्हती. त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू मावळलं. हसू गेल्यावर चेहरा एकदम साधा दिसू लागला, दुकानात सुटे पैसे विसरून आलेल्या माणसासारखा.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी इतक्या निवडणुका पाहिल्या, पण उमेदवाराच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच ऐकत होते.

"खरंच माहीत नाही," हसरे पुढे म्हणाले. "मागच्या वर्षी बाहेरच्या मालावरचा कर कमी करायचा ठराव आला, तेव्हा मी हात वर केला. शेजारच्याने केला म्हणून केला. त्यात कुलपं होती हे मला आज कळतंय."

"हात वर करायच्या आधी वाचलं नाही?" मावशींनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"नाही वाचलं."

मावशी म्हणाल्या, "बरं. तुम्हाला माहीत नाही तर आम्ही सांगू. रविवारी कॅन्टीनमध्ये या. कारखाना बघा, बंद पाळी बघा, मग उत्तर द्या. पण उत्तर मात्र एका शब्दात. कबूल?"

"कबूल," हसरे म्हणाले. मास्तरांनी पँट झडपेतून आत सरकवली. सुतार आला, त्याने कळीकडे ढुंकूनही न बघता बिजागरीचे स्क्रू काढले आणि दारच उचलून बाजूला ठेवलं. हसरे बाहेर आले. कोणी हार घातला नाही, घोषणाही दिली नाही, पण भट्टीवाल्याने वाट करून दिली आणि म्हणाला, "साहेब, समोरून बघितलं तर जाड नाही दिसत तुम्ही."

रविवारी हसरे आले. त्यांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईही आल्या, कोणी न कोंडता. पँटची गोष्ट गावभर झाल्यावर मागे राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी सगळ्यांची नाडी तपासायच्या थाटात विचारपूस सुरू केली, तेव्हा पॉलिशवाली उभी राहिली. "डॉक्टरीणबाई, तब्येतीचं राहू द्या. हो की नाही?" मावशी मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. मग भट्टीवाल्याने विचारलं, पॅकिंगवाल्याने विचारलं. प्रश्न तोच, न बदललेला, न वाकलेला. दोन्ही उमेदवारांनी दुसऱ्या पाळीचं दालन पाहिलं. लांबच लांब टेबलं, त्यांवर धूळ, आणि एका खुर्चीवर कोणीतरी विसरलेला स्वेटर. हसऱ्यांनी त्या स्वेटरकडे बराच वेळ पाहिलं.

दोघंही "हो" म्हणाले. आता दोघंही हो म्हणाल्यावर मत कुणाला द्यायचं, यावरून गल्लीत मोठीच पंचाईत झाली. मास्तरांनी आणि मावशींनी वेगवेगळ्यांना मत दिलं आणि आठवडाभर त्यावरून वाद घातला. थोडक्या मतांनी हसरे निवडून आले. लोकांचं म्हणणं पडलं, की ज्याला आपल्याला माहीत नाही हे माहीत आहे, तो निदान शिकेल तरी.

पण शपथ झाली, उन्हाळा गेला, आणि कुलपांचं नाव कोणी काढेना. सेक्रेटरी पत्रं पाठवत होते, उत्तरं येत होती, "विषय विचाराधीन आहे." मग मावशींनी पॉलिशवालीला आणि आणखी चौघींना गोळा केलं, डबे बांधले आणि बसने राजधानी गाठली. सभागृहाच्या वरच्या सज्जात लोकांना बसू देतात. फक्त बोलायचं नाही, अशी ताकीद दारावरचा शिपाई देतो. "अवाक्षर काढलंत तर बाहेर," तो मावशींना म्हणाला.

"मी कशाला बोलू?" मावशी म्हणाल्या. "बोलायला माणूस निवडून दिलाय आम्ही."

खाली व्यापाराच्या खात्यावर चर्चा चालली होती. हसरे चौथ्या रांगेत मान एका बाजूला टाकून डुलक्या घेत होते. मावशींनी थोडी वाट पाहिली. मग त्या खोकल्या.

एकदाच, पण कसा! घरात दूध उतू जात असताना वर्तमानपत्र वाचणाऱ्या नवऱ्याला ऐकू जावा तसा. हसऱ्यांनी दचकून डोळे उघडले, वर पाहिलं. सज्जात सहा बायका एका रांगेत, हाताची घडी घालून बसल्या होत्या. हसरे खुर्चीतून उठले ते स्प्रिंग सुटल्यासारखे. "अध्यक्ष महोदय, माझा एक प्रश्न आहे!"

मंत्र्यांनी कामगारांची थोरवी सांगायला सुरुवात केली. "थोरवीचं राहू द्या," हसरे म्हणाले. "हो की नाही?" मंत्री जागतिक परिस्थितीवर गेले. "परिस्थितीचं राहू द्या. हो की नाही?" सभागृहात हशा पिकला, मग विरोधी बाकांवरून डॉक्टरीणबाईंच्या पक्षाचेही लोक "हो की नाही?" म्हणून बाकं वाजवू लागले. मंत्र्यांनी पाण्याचा ग्लास संपवला, आणि शेवटी म्हणाले, की सरकारी शाळा, दवाखाने आणि कचेऱ्यांसाठी यापुढे कुलपं इथल्याच कारखान्यांतून घेतली जातील. कराचं मात्र पुढच्या अधिवेशनात बघू.

"अर्धंच झालं," पॉलिशवाली कुजबुजली.

"पुढच्या अधिवेशनाला येऊ," मावशी तितक्याच हळू म्हणाल्या. "डबा जरा मोठा आणू."

महिन्याभरात पहिली सरकारी मागणी आली आणि दुसरी पाळी निम्म्या माणसांनी सुरू झाली. त्या दिवशी मावशी मुद्दाम दुसऱ्या पाळीला आल्या. घरून आणलेल्या फडक्याने त्यांनी टेबल पुसलं. सरकत्या पट्ट्यावरून पहिलं कुलूप घरंगळत आलं, तसं आजूबाजूचं बोलणं आपोआप थांबलं. मावशींनी चावी घातली, फिरवली, कान दिला, आणि कुलूप मागे सरकवलं.

"बसका आहे आवाज," त्या भट्टीवाल्याला म्हणाल्या. "दुसरं पाठव."